डेटा सेंटरच्या नव्या परवानग्यांना तात्पुरता विराम: धार्मिक संस्थांनी निवेदनात नेमकं काय मागावं?

ऐरोलीकर:

नमस्कार मंडळी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या काही धार्मिक संस्था मिळून एक निवेदन तयार करत आहेत. एका चर्चचा पर्यावरण गट, एक वारकरी मंडळ, एका बुद्धविहाराचे विश्वस्त आणि एका मशिदीची जमात असे सगळे त्यात आहेत. मागणी अशी की ऐरोली, रबाळे, महापे हा औद्योगिक पट्टा आणि मुंबईत चांदिवली-पवईकडचा भाग इथे नव्या डेटा सेंटरना, म्हणजे सर्व्हरनी भरलेल्या इमारतींना, परवानगी देण्याआधी सगळ्यांचा मिळून एक पर्यावरण आढावा व्हावा, आणि तोवर नव्या परवानग्या थांबाव्यात. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेपैकी जवळपास निम्मी मुंबई परिसरात आहे, पण परवानगी प्रत्येक इमारतीला सुटी सुटी मिळते. पाणी एकाच धरणातून, वीज एकाच जाळ्यातून, आणि हिशेब मात्र वेगवेगळे.

मसुदा दोन ठिकाणी अडला आहे. काहींना वाटतं, देवाधर्माचं नाव आलं की अधिकारी कागद बाजूला ठेवतील आणि बाहेर ‘हे लोक कॉम्प्युटरच्या विरोधात आहेत’ असा बोभाटा होईल. बाकीच्यांचं म्हणणं, धर्माचा आधार काढून टाकला तर हे निवेदन आपण द्यायचं कारणच उरत नाही, कारण पर्यावरण संस्था ते काम करतच आहेत. दुसरी अडचण नेमकेपणाची. ‘पर्यावरणाचा विचार व्हावा’ याच्या पुढे मसुदा सरकत नाही. पाणी किती, वीज किती, डिझेल किती, आढावा कुणी घ्यायचा, विराम किती दिवसांचा, हे लिहिता येत नाहीये.

शीतकरण, परवानग्या आणि धर्मग्रंथ या तिन्ही बाजूंचे जाणकार इथे आहेत, म्हणून विचारतो.

शीतजल:

आधी पाणी आणि वीज. हे नीट मांडलं नाही तर बाकी सगळं हवेत राहील.

हिशेबासाठी 10 मेगावॉट आयटी भाराचं, म्हणजे सर्व्हर तेवढी वीज घेतील असं, मध्यम आकाराचं केंद्र धरू. सर्व्हरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर काढणाऱ्या चिलरच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) कॉम्प्रेसरची उष्णता तिच्यात मिळवली की कूलिंग टॉवरला (पाण्याची वाफ करून उष्णता हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याला) साधारण साडेअकरा मेगावॉट उष्णता बाहेर टाकावी लागते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे 0.67 युनिट उष्णता घेऊन जातं. थोडी उष्णता हवा नुसती तापूनही जाते. ती सोडली तरी दिवसाला साडेतीन ते चार लाख लिटर पाण्याची निव्वळ वाफ होते.

गोष्ट इथे संपत नाही. वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार मागे उरतात. ते साचून कंडेन्सरच्या नळ्यांवर थर धरू नये म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षारांचं प्रमाण मूळच्या चौपट होईपर्यंत पाणी फिरवलं तर ब्लोडाउन वाफेच्या एक तृतीयांश पडतं. पाणी जड असेल आणि तिपटीवरच थांबावं लागलं तर वाफेच्या निम्मं. म्हणजे रोजचं ताजं पाणी सुमारे 5 लाख लिटर, 10 हजार लिटरचे 50 टँकर. माणशी 135 लिटरने हे पाणी 3,700 लोकांचं होतं. झोपडपट्टीसाठी मुंबईत जो माणशी 45 लिटरचा हिशेब लावतात त्याने 11 हजार लोकांचं. एका 10 मेगावॉटच्या केंद्रामागे एवढं, आणि आता एकेका आवारात त्याच्या कित्येक पट भार येतो आहे.

यावर कंपन्यांची दोन उत्तरं येतील. दोन्ही अर्धी खरी आहेत, म्हणून नीट समजून घ्या.

पहिलं उत्तर, ‘आम्ही पिण्याचं पाणी वापरत नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतो.’ नवी मुंबईत हे शक्य आहे. महापालिकेचे ऐरोली आणि कोपरखैरणे इथले तृतीय स्तर प्रक्रिया प्रकल्प उद्योगांना असं पाणी द्यायलाच उभे केले आहेत. पण विचारायचं ते पुढचं: करार किती लिटरचा, आणि ते पाणी बंद पडलं तर पर्यायी स्रोत कोणता? त्या पाण्यात अमोनिया आणि फॉस्फेट राहिलं तर तांब्याच्या नळ्या गंजतात आणि टॉवरच्या भरावात शेवाळी थर धरतो, म्हणून पुढे आरओ लावतात. आरओचं नाकारलेलं पाणी 20 ते 25 टक्के असतं. ते आणि जंतुनाशकं मिसळलेलं ब्लोडाउन कुठे जातं? ऐरोलीत सांडपाण्याची वाट अखेर ठाणे खाडीकडे जाते, आणि तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे.

दुसरं उत्तर, ‘आमचे चिलर हवेने थंड होतात, पाणी लागतच नाही.’ खरं आहे, पण मग वीज वाढते. पीयूई म्हणजे केंद्राची एकूण वीज भागिले सर्व्हरची वीज. हवेने थंड होणाऱ्या पद्धतीत तो साधारण 0.1 ते 0.2 ने वाढतो. 0.15 धरला तर 10 मेगावॉटमागे दीड मेगावॉट जादा, वर्षाला सुमारे 1 कोटी 31 लाख युनिट. देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर 9,200 टन. इथलं पाणी वाचतं, धूर दुसऱ्याच्या अंगणात जातो. ट्रॉम्बेच्या आणि डहाणूच्या कोळशाच्या संचांजवळ राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. म्हणून निवेदनात पाणी आणि वीज एकत्रच मागा, एक सोडून दुसरं नाही. आणि दोन्हीचा वर्षभर मोजलेला आकडा मागा. डिझाइनचा आकडा पूर्ण भाराचा असतो, इमारत अर्धी रिकामी असताना पीयूई त्याहून बराच वाईट येतो.

थंड देशांत बाहेरची हवा घेऊन चिलर बंद ठेवता येतात, तसं इथे जवळपास होत नाही. पावसाळ्यात मुंबईचं ओल्या बल्बचं तापमान (वाफ होऊन पाणी जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकतं ती मर्यादा) 27-28 अंशांवर जातं, त्यामुळे टॉवरमधून 31-32 अंशांखाली पाणी मिळणं अवघड. तेव्हा परदेशी केंद्राचे आकडे दाखवून कुणी ‘आमचं तंत्रज्ञान तेच’ म्हटलं तर मुंबईच्या हवामानाचा हिशेब मागायचा.

डिझेलकडे लोक दुर्लक्ष करतात. पीयूई 1.5 धरला तर या केंद्राची एकूण गरज 15 मेगावॉट. 2 मेगावॉटचे आठ जनरेटर आणि राखीव दोन. एका युनिटला साधारण पाव लिटर डिझेल लागतं, म्हणजे वीज गेली की तासाला 3,750 लिटर. 48 तासांचा साठा ठेवायचा तर 1 लाख 80 हजार लिटर. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तसा दिवस उजाडला की एका पट्ट्यातले सगळे जनरेटर एकदम सुरू होतात. एका इमारतीच्या अर्जात हे चित्र दिसतच नाही, एकत्रित आढाव्यातच दिसतं. रोजच्या बाबतीत मागणी एवढी करा की चाचणी एका वेळी एकाच जनरेटरची व्हावी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी होऊ नये, कारण त्या वेळी गार हवेचा थर खाली बसलेला असतो आणि धूर वर जात नाही. धुराड्याची उंचीही तपासा. नियम असा की इमारतीच्या उंचीवर 0.2 गुणिले जनरेटरच्या केव्हीएमधल्या क्षमतेचं वर्गमूळ इतके मीटर. 2 मेगावॉटचा जनरेटर साधारण 2,500 केव्हीएचा, त्याचं वर्गमूळ 50, म्हणजे छतापासून आणखी 10 मीटर.

हे सगळे भौतिकशास्त्राचे ढोबळ हिशेब आहेत. निवेदनात ते ‘अंदाजित’ म्हणून टाका आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे जाहीर करा ही मागणी ठेवा.

टाळकरी:

धर्माचा आधार काढू नका, पण तो योग्य जागी ठेवा. ‘निसर्ग हाच देव’ असं मोघम लिहिलं तर अधिकारी मान डोलावतील आणि फाइल बंद करतील. आपल्या परंपरांकडे याहून उपयोगी गोष्ट आहे: ठरावीक काळ थांबण्याची शिस्त.

चातुर्मास बघा. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत काय सोडायचं, कधी सोडायचं आणि कधी पुन्हा सुरू करायचं हे आधीच ठरलेलं असतं. बुद्धविहाराच्या विश्वस्तांना वर्षावासाचं कारण विचारा. भिक्खू पावसात फिरताना कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला, असं विनयपिटक हा भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ सांगतो. म्हणजे तक्रार आली, ती खरी मानली, काम ठरावीक काळ थांबवलं, आणि काळ संपल्यावर चारिका, म्हणजे भिक्खूंची भ्रमंती, पुन्हा सुरू झाली. जैन साधू चातुर्मासात याच कारणाने विहार थांबवतात. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायला सांगितलं आहे. आणि ऐरोली-दिव्याच्या कोळीवाड्यांना जून-जुलैची मासेमारी बंदी सांगायला नको. मासळीच्या विणीचा काळ म्हणून होड्या किनाऱ्याला लागतात, नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. त्या बंदीला कुणी मासेमारीविरोधी म्हणत नाही.

तेव्हा ‘तंत्रज्ञानाला विरोध आहे का’ या प्रश्नाचं उत्तर मागणीच्या बांधणीतच द्या. विरामाची सुरुवात, शेवट आणि त्या काळात करायचं काम, तिन्ही लिहा. शेवट न सांगता केलेली थांबवाथांबवी आपल्या कुठल्याच परंपरेत बसत नाही.

आढाव्यात काय बघायचं याचीही चौकट गीतेत आहे. अठराव्या अध्यायाच्या 25व्या श्लोकात तामस कर्माचं लक्षण दिलं आहे: पुढचा परिणाम, होणारा क्षय, घडणारी हिंसा आणि आपलं सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने सुरू केलेलं काम. शीतजल यांचे आकडे याच चार खणांत बसतात. खाडीचं आणि हवेचं काय होईल, हा परिणाम. पाणी आणि इंधन किती संपेल, हा क्षय. कुणाच्या छातीत धूर जाईल, कुणाच्या नळाचं पाणी कमी होईल, ही हिंसा. आणि या पट्ट्याला पाणी देणाऱ्या बारवी धरणात, पारेषण वाहिन्यांत, सांडपाणी प्रकल्पांत तेवढी ताकद आहे का, हे सामर्थ्य. माझ्या मते चौथा मुद्दा आज सगळ्यांत कमी बघितला जातो. काम वाईट आहे असं तो श्लोक म्हणत नाही, न बघता सुरू करणं वाईट म्हणतो. पर्यावरण आढाव्याची मागणी याहून वेगळी नाही.

तिसऱ्या अध्यायातला 12वा श्लोकही वारकरी मंडळाने जरूर वापरावा. मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो तो चोरच, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं शहापूर तालुक्यात आणि आसपास आहेत, आणि त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ज्यांच्या डोंगरातून पाणी येतं त्यांना काय परत जातं, हा प्रश्न कीर्तनातून विचारता येतो आणि सरकारी निवेदनातूनही. एक पथ्य मात्र पाळा: ‘आपल्या पूर्वजांना हे सगळं विज्ञान माहीत होतं’ असलं वाक्य घालू नका. त्याने मूळ मुद्दा हलका होतो.

बॅकअप:

माझं मत थोडं वेगळं आहे, ते इथे यायला हवं. यूपीआय, रेल्वेची तिकिटं, रुग्णालयांच्या नोंदी, मंदिरांचं थेट दर्शन, सगळं याच इमारतींवर चालतं. नवीन केंद्रं थांबवली म्हणून मागणी थांबत नाही. ती जुन्या कार्यालयांतल्या सर्व्हर खोल्यांत जाते, जिथे पीयूई 2 च्या वर असतो. किंवा दुसऱ्या राज्यात जाते, जिथे पाण्याची ओढ इथल्यापेक्षा जास्त असू शकते. सरसकट ‘थांबवा’ म्हटलं तर जे चांगलं बांधतात तेही अडकतात, आणि ज्यांनी आधीच घाईघाईने मंजुरी घेतली त्यांचा फायदा होतो.

मग विराम नकोच का? तसंही नाही. सिंगापूरने 2019 मध्ये नवी डेटा सेंटर थांबवली. 2022 च्या जानेवारीत विराम उठवला आणि नंतर निवड करून परवानग्या दिल्या. पीयूई 1.3 किंवा कमी ही अट होती, आणि 2023 मध्ये पहिल्या फेरीत सुमारे 80 मेगावॉट चार प्रस्तावांना मिळाले. तिथलं हवामान आपल्यासारखंच दमट आहे, त्यामुळे ‘इथे जमणार नाही’ हे उत्तर टिकत नाही. ॲमस्टरडॅमनेही 2019 मध्ये वर्षभराचा विराम घेऊन नियम केले. दोन्हीकडे विरामानंतर काय, हे ठरलं. तुमच्या मसुद्यात तो भाग नाही, आणि तो नसेल तर मी सही करणार नाही. बांधकाम सुरू असलेली आणि मंजुरी मिळालेली केंद्रं यातून वगळा, रुग्णालयांच्या आणि सरकारी सेवांच्या छोट्या विस्तारालाही वाट ठेवा.

वसईची वाडी:

चर्च गटासाठी थेट संदर्भ देते. पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात परिच्छेद 183 ते 188 नेमके याच विषयावर आहेत. 183 सांगतो की पर्यावरण आघाताचं मूल्यांकन धंद्याचा प्रस्ताव तयार झाल्यावर मागून येऊ नये, ते सुरुवातीपासून असावं आणि स्थानिक लोकांना त्यात विशेष स्थान असावं. 185 मध्ये विचारायचे प्रश्न दिले आहेत: कशासाठी, कुठे, कुणासाठी, धोके कोणते, खर्च किती आणि तो कोण भरणार. पाणी दुर्मिळ आणि मूलभूत हक्काचं आहे म्हणून त्याच्या प्रश्नाला अग्रक्रम, हेही तिथेच आहे. 186 म्हणतो की गंभीर आणि न भरून येणारी हानी होण्याची शक्यता वस्तुनिष्ठ माहितीतून दिसत असेल तर निर्विवाद पुराव्याची वाट न बघता प्रकल्प थांबवावा किंवा बदलावा. आणि बॅकअप यांच्या शंकेचं उत्तर 187 मध्ये आहे: याचा अर्थ नव्या तंत्रज्ञानाला विरोध असा नाही. 188 मध्ये चर्च वैज्ञानिक प्रश्नांचा निवाडा करायला बसलेलं नाही असंही म्हटलं आहे. तुमच्या निवेदनाने हाच सूर धरावा.

आपल्याकडे हे नवं नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत विहिरींच्या पाण्यासाठी धर्मगुरू म्हणूनच आवाज उठवला होता, आणि सगळ्या धर्मांचे शेतकरी त्यांच्यासोबत होते.

कुर्लेकर:

जमातीसाठी थोडक्यात. अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: मुसलमान तीन गोष्टींत भागीदार आहेत, पाणी, कुरण आणि अग्नी. डेटा सेंटरचा सगळा वाद यातल्या दोन गोष्टींचा आहे. भागीदारीतली वस्तू एकाने मोठ्या प्रमाणात घ्यायची तर बाकीच्या भागीदारांना विचारायला हवं, आणि विचारण्याची जागा म्हणजे आढावा. फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियमही असाच: फायदा मिळवण्याआधी नुकसान टाळणं. वुजू करताना (नमाजाआधी हातपाय-तोंड धुताना) वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये ही शिकवण लहान मुलांनाही माहीत असते, ती जुम्म्याच्या बयानात सांगायला सोपी जाईल.

परवानगी_विभाग:

आता कायद्याची बाजू. धर्माधारित भाग प्रस्तावनेत दोन परिच्छेद ठेवा, मागण्या मात्र पूर्णपणे कायद्याच्या भाषेत. अधिकारी श्लोकावर आदेश काढू शकत नाही. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यातलं कलम 20 वाचा. सावधगिरीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करणारा भरेल’ हे तत्त्व तिथे लिहिलेलं आहे. वर तिघांनी जे सांगितलं त्याचं हे सरकारी रूप. जोड तिथे द्या.

मूळ अडचण अशी. पर्यावरण मंजुरी 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेखाली मिळते आणि तिच्या परिशिष्टात डेटा सेंटर असा प्रकारच नाही. ते 8(अ) किंवा 8(ब), म्हणजे बांधकाम आणि क्षेत्र विकास, यांत धरलं जातं. 8(अ) ची मर्यादा 20 हजार ते दीड लाख चौरस मीटर बांधीव क्षेत्र, त्यावर 8(ब). कायदा चौरस मीटर मोजतो आणि ओझं मेगावॉटमध्ये असतं. 19 हजार चौरस मीटरच्या इमारतीत कितीही दाट सर्व्हर भरले तरी मंजुरीचा प्रश्न येत नाही. शिवाय या प्रकारांना जनसुनावणीतून सूट आहे, आणि 8(अ) ला सविस्तर आघात अहवालही लागत नाही. लोकांना काही विचारलंच जात नाही ही तुमची तक्रार कायद्याच्या रचनेतूनच आली आहे.

तरी दरवाजे आहेत. अर्जाच्या फॉर्म 1 मधला 9.4 हा मुद्दा बघा. जवळच्या तशाच चालू किंवा नियोजित प्रकल्पांमुळे होणारा एकत्रित परिणाम तिथे लिहायचा असतो. अनेकदा तिथे ‘नाही’ एवढंच असतं. केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश पोर्टलवर अर्ज, बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त मिळतात. एकाच पट्ट्यातल्या चार-पाच अर्जांची 9.4 ची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून निवेदनाला जोडा. राज्य तज्ज्ञ मूल्यांकन समिती आणि सिया, म्हणजे राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, अपुरी माहिती म्हणून अर्ज परत पाठवू शकतात किंवा जादा अभ्यास मागू शकतात. व्यवहारात हा विरामच असतो, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

विरामाचं इथलंच उदाहरण आहे, सिंगापूरला जायची गरज नाही. 13 जानेवारी 2010 ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या 43 अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत नव्या पर्यावरण मंजुऱ्यांचा विचार थांबवला. महाराष्ट्रातून चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, तारापूर आणि नवी मुंबई त्यात होती. कृती आराखडे आले तसा तो विराम टप्प्याटप्प्याने उठला. तुम्ही मागताय तेच, त्याच नवी मुंबईत, सरकारनेच केलेलं. हा परिच्छेद निवेदनाच्या पहिल्या पानावर हवा.

कुणाला द्यायचं? मुख्य प्रत राज्याच्या पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाला आणि सियाला. प्रती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि एमआयडीसीला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे, त्यामुळे एकट्या महापालिकेला निवेदन देऊन उपयोग नाही. विजेच्या बाजूने महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या सुनावण्या लोकांना खुल्या असतात, लेखी हरकत घेता येते. वीज कंपन्या वाढीव मागणी दाखवून नव्या वाहिन्यांचा आणि उपकेंद्रांचा खर्च मागतात, तेव्हा तो खर्च कोणत्या ग्राहकावर टाकणार हे तिथेच विचारायचं.

निवेदनाआधी माहिती अधिकाराचे अर्ज टाका, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. एमआयडीसीकडे भूखंडनिहाय मंजूर पाणी, वितरण कंपनीकडे पट्ट्यातल्या डेटा सेंटरचा एकूण मंजूर भार, प्रदूषण मंडळाकडे संमतिपत्रातली जनरेटरची संख्या आणि क्षमता मागा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की नकार येतो. कागदाचं नाव, कालावधी आणि क्षेत्र लिहा.

एखादी मंजुरी दिली गेलीच तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील, सबळ कारण दाखवल्यास आणखी 60 दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. मंजुरी मिळालेल्यांना दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. जुन्या केंद्रांचे हे अहवाल आजच मागवा. पाण्याचा मोजलेला आकडा कित्येकदा तिथेच सापडतो.

ऐरोलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मागणीचा परिच्छेद असा केला आहे, बघा:

‘ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि मुंबई उपनगर येथील नवीन डेटा सेंटर प्रकल्पांच्या परवानग्या एकत्रित पर्यावरण आढावा पूर्ण होईपर्यंत स्थगित ठेवाव्यात. आढाव्यात पाणी, वीज, डिझेल जनरेटर व सांडपाणी यांचा समावेश असावा. आढावा अहवाल जनतेसाठी खुला करावा.’

खाली सर्व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या.

परवानगी_विभाग:

दिशा बरोबर आहे, पण चार ठिकाणी गळती आहे.

‘नवीन’ची व्याख्या हवी. सुचवतो: निवेदनाच्या तारखेला पर्यावरण मंजुरी न मिळालेले प्रकल्प, आणि बांधीव क्षेत्र 20 हजार चौरस मीटरपेक्षा कमी असलं तरी 5 मेगावॉट किंवा अधिक वीजभार मागणारे प्रकल्प. दुसरा भाग घातला नाही तर छोट्या इमारतींचे तुकडे पाडून सगळं सुरू राहील. बॅकअप यांनी सांगितलेली सूट याच वाक्याला जोडा.

‘पूर्ण होईपर्यंत’ हे धोक्याचं आहे. आढावा कुणी सुरूच केला नाही तर विराम अमर्याद होतो, आणि अमर्याद विराम न्यायालयात व्यवसाय-स्वातंत्र्याच्या कलम 19(1)(छ) वर पहिल्याच सुनावणीत पडू शकतो. ‘12 महिने किंवा अंतिम अहवाल प्रसिद्ध होणे, यापैकी जे आधी घडेल ते’ असं लिहा. बारा महिने अशासाठी की एप्रिल-मेची पाणीटंचाई आणि हिवाळ्यातली हवा दोन्ही मोजता यावीत. साधारण प्रकल्पांत एकाच ऋतूची आकडेवारी घेतात, त्यात यातलं एक सुटतंच.

आढाव्यानंतर काय, हे अजूनही नाही. किमान एवढं मागा: पट्ट्यासाठी पाण्याची आणि विजेची एकूण कमाल मर्यादा, पीयूई आणि पाणीवापर या दोन्हीच्या अटी, पिण्यायोग्य पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरला मनाई, आणि मोजलेले आकडे दर सहा महिन्यांनी मराठीत प्रसिद्ध करणं.

सह्यांबद्दल. नोंदणीकृत न्यास असेल तर विश्वस्त मंडळाचा ठराव आधी करून त्याची प्रत जोडा, नाहीतर एखादा सदस्यच ‘आम्हाला विचारलं नव्हतं’ म्हणून पत्र देतो आणि सगळं निवेदन संशयात येतं. प्रत्येक संस्थेचं स्वतंत्र लेटरहेड, मजकूर मात्र एकच. टपालाने पाठवू नका. मंत्रालयात आवक शिक्का आणि क्रमांक घ्या, 30 दिवसांनी त्याच क्रमांकावर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारात विचारा.

शीतजल:

एक भर. ‘सांडपाणी’च्या जागी ‘ब्लोडाउन, आरओचे नाकारलेले पाणी आणि त्यांतील जंतुनाशके’ असं लिहा. नुसतं सांडपाणी म्हटलं की इमारतीच्या शौचालयांचा आकडा देऊन मोकळे होतात. आणि विजेत मंजूर भारासोबत ‘अंतिम टप्प्याचा नियोजित भार’ मागा. पहिल्या टप्प्याच्या अर्जात 10 मेगावॉट दिसतात, उपकेंद्राची जागा मात्र 50 साठी राखलेली असते.

टाळकरी:

प्रस्तावनेतल्या दोन परिच्छेदांचा मसुदा मी करतो. चातुर्मास, वर्षावास, सातवं वर्ष, पाणी आणि अग्नीची भागीदारी आणि मासेमारी बंदी एका परिच्छेदात. 18.25 ची चौकट आणि लाउदातो सीचा 186 दुसऱ्यात, शेवटी कलम 20. शहापूरच्या पाड्यांतल्या कुणाची तरी सही घेता आली तर बघा, पाणी त्यांच्या डोंगरातलं आहे.